गर्भपातोत्तर कुटुंबनियोजन

गर्भपातोत्तर कुटुंबनियोजन : गर्भपात आपोआप झालेला असो वा डॉक्टरांकरवी करविलेला असो, त्यानंतरच्या शुश्रूषेचाच भाग म्हणून, स्त्री घरी परतण्यापूर्वी, तिला संततिनियमनाचा सल्ला व तिने स्वतः पसंत केलेले साधन देण्याची व्यवस्था.

पहिल्या तिमाहीतील गर्भपातानंतर बीजविमोचन दोन आठवड्यांच्या आत, क्वचित आठव्या-दहाव्या दिवशीही, होऊ शकते; त्यामुळे पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस राहण्याचा संभव असतो, आणि ‘पाळी आली की या’ हा दवाखान्यांतून अजूनही कानी पडणारा निरोप, कितीही सद्‌हेतूने दिलेला असला, तरी अनेकींना उशिराचा ठरतो. पुढील गर्भधारणेपूर्वी निदान सहा महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

पिशवी निर्वात शोषणाने रिकामी केली असेल व जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी त्याच वेळी बसविता येते. संततिनियमनाच्या गोळ्या व इंजेक्शनही त्याच दिवशी सुरू करण्यास सामान्यतः हरकत नसते. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल या औषधांनी गर्भपात केल्यास मात्र तो पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत तांबीसाठी थांबावे लागते, आणि धागा तुटतो तो बहुधा येथेच. कारण रोजंदारी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून, घरच्यांना दुसऱ्यांदा कारण सांगून दवाखान्याची दुसरी खेप करणे पुष्कळींना शक्य होत नाही. मधल्या काळासाठी गोळ्या वा निरोध पहिल्याच भेटीत हाती देण्याची तजवीज म्हणूनच अगत्याची होय. नसबंदीचा निर्णय मात्र कायमचा. स्त्रीने तो आधीच विचारपूर्वक घेतलेला नसेल, तर अशा व्याकूळ घटकेला तो तिच्याकडून घेऊ नये.

महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली 1964 साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून भारतात 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व 1 एप्रिल 1972 पासून अंमलात आला. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरणे हे कारण त्याने ग्राह्य धरले, परंतु केवळ विवाहितेपुरते. ही मर्यादा 2021 च्या दुरुस्तीने दूर झाली. 1994 च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने गर्भपातानंतरचे समुपदेशन व कुटुंबनियोजन सेवा तत्परतेने द्याव्यात, असे निःसंदिग्धपणे नमूद केले.

सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी कायद्याने केवळ स्वतःची संमती पुरते, पतीची सही लागत नाही. आणि ‘तांबी बसवून घ्याल तरच पिशवी साफ करू’ अशी शर्त घालण्यास या कायद्यात कोणताही आधार नाही.