एकदाच काढलेला टंच

आमच्या हुपरीत चांदीचा व्यवहार टंचावर चालतो. लगडीचा बारीक तुकडा काढायचा, तपासायचा आणि चांदी शेकडा किती शुद्ध आहे ते लिहून द्यायचं. पैंजण कितीही सुबक असो, हिशेब त्या आकड्यावरच होतो. पण त्या आकड्याला एक अट असते. तीच चांदी पुन्हा मुशीत गेली, तिच्यात दुसरा धातू मिसळला, की जुना टंच रद्द. नव्याने काढायचा. व्हिडिओ गेमच्या समीक्षेला ही साधी अट फार उशिरा कळली. ज्या खेळांच्या इतिहासात ते स्पष्ट दिसतं त्यांतला एक दरोड्यावरचा आहे. त्याचं नाव ‘पे-डे’.

पहिला भाग, ‘पे-डे : द हाइस्ट’, ऑक्टोबर २०११ मध्ये आला. तो स्टॉकहोमच्या ओव्हरकिल या लहानशा कंपनीने केला होता. चार खेळाडूंनी विदूषकी मुखवटे घालायचे, बँकेत शिरायचं, तिजोरीला ड्रिल लावायचं आणि ते काम होईपर्यंत पोलिसांच्या लाटा थोपवायच्या. ड्रिल मध्येच अडकतं, मग गोळीबारात कुणीतरी धावत जाऊन ते पुन्हा सुरू करायचं. समीक्षकांनी त्याची तुलना लगेच दोन गोष्टींशी केली. एक म्हणजे मायकेल मानचा १९९५ चा ‘हीट’ हा चित्रपट आणि दुसरी म्हणजे चौघांनी मिळून झोंबींशी लढायचा ‘लेफ्ट फोर डेड’ हा खेळ. ताण आवडला, सोबत्यावर अवलंबून राहणं आवडलं. तक्रार एवढीच की दरोडे फक्त सहा.

ऑगस्ट २०१३ मध्ये ‘पे-डे २’ आला. यात बँकांबरोबर दागिन्यांचं दुकानही होतं, आणि मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट होती ती थैली. लुटलेला माल थैलीत भरून खांद्यावर घ्यावा लागतो, आणि माल जड असेल तर माणूस मंदावतो, पळता येत नाही. दुसऱ्याकडे फेकावी लागते, तो झेलतो, पुढे नेतो. चांदीच्या गावात वाढलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. किलो किलो माल अंगावर बाळगून परगावी जाणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. वजन म्हणजे किंमत, आणि वजन म्हणजे भीतीही. समीक्षकांनी हे थैल्यांचं प्रकरण, लपूनछपून दरोडा घालण्याची सोय आणि कौशल्यांची वाढ वाखाणली. संगणकाने चालवलेले सोबती थैली उचलतच नाहीत, तेच तेच दरोडे पुन्हा करावे लागतात, यावर नाकं मुरडली. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर सगळ्या समीक्षांची सरासरी काढून एक आकडा देतात. पीसीसाठी तो ऐंशीच्या जरा खाली स्थिरावला. चांगला खेळ, थोडा ओबडधोबड. टंच निघाला.

पण खेळ तिथे थांबला नाही. पुढची काही वर्षं त्यात नवे दरोडे, नवी शस्त्रं, नवी माणसं येत राहिली, काही फुकट, बरीचशी विकत. मूस सतत पेटलेली होती. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये एक सुधारणा आली. आता खेळाडूंना बक्षीस म्हणून बंद तिजोऱ्या मिळायच्या, आणि त्या उघडायला लागणारं ड्रिल खऱ्या पैशांत, सुमारे अडीच डॉलरला घ्यायचं. आत बंदुकीसाठी रंगीत कातडं निघे. कोणतं निघेल ते नशिबावर, आणि काही कातड्यांनी बंदूकच अधिक चांगली होत असे. खेळ बाजारात येण्यापूर्वी अशी किरकोळ विक्री त्यात असणार नाही, असं बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं. दरोडेखोराचं हत्यारच दरोडेखोराला विकायला काढलेलं होतं. खेळाडू चिडले ते पैशांपेक्षा त्या शब्दावरून.

हा राग कुठे नोंदवला गेला, ते महत्त्वाचं आहे. व्यावसायिक समीक्षकांचा निकाल २०१३ मध्येच लागून गेला होता. मेटाक्रिटिक एखाद्या प्रकाशनाने दिलेला पहिलाच गुण धरतं, नंतर बदललेला धरत नाही. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’चे सर्व्हर कोलमडले, तेव्हा ‘पॉलिगॉन’ने आपले साडेनऊ गुण आधी आठवर, मग चारवर आणले. मेटाक्रिटिकवर साडेनऊच राहिले. ‘पे-डे २’चा आकडाही तसाच जागचा हलला नाही. राग उमटला तो स्टीम या दुकानात, खेळ विकत घेतलेल्यांच्या अभिप्रायांत. ही सोय ‘पे-डे २’ बाजारात आल्यानंतर, २०१३ च्या अखेरीस सुरू झाली होती. म्हणजे एकाच खेळाचे दोन टंच झाले. एक समीक्षकांचा, जुना आणि स्थिर. दुसरा गिऱ्हाइकांचा, रोज हलणारा.

आमच्यासारख्या गावांत हा फरक पुस्तकी नव्हता. स्टीमवर रुपयांत किंमत दिसू लागली ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. त्याआधी डॉलरमध्ये व्यवहार करणारं कार्ड लागे, आणि असं कार्ड असलेलं घर विरळा. साठवलेल्या पैशांतून वर्षाला एखादा खेळ घेणारा पोरगा दहा समीक्षा वाचत बसत नाही. तो आकडा पाहतो. तो आकडा दोन वर्षांपूर्वीच्या खेळाचा आहे, हे त्याला कुणी सांगत नव्हतं.

मे २०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ओव्हरकिलची मालक कंपनी स्टारब्रीझ हिने खेळाचे हक्क प्रकाशकाकडून विकत घेतले आणि विकतची ड्रिलं बंद केली. त्याच महिन्यात स्टीमने एकूण अभिप्रायांशेजारी अलीकडचे अभिप्राय वेगळे दाखवायला सुरुवात केली. जून २०१७ मध्ये खेळाच्या पन्नास लाख प्रती फुकट वाटल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये स्टारब्रीझ आर्थिक पुनर्रचनेत गेली, तरी ‘पे-डे २’ खेळणारे टिकून होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘पे-डे ३’ आला. एकट्याने खेळायचं तरी इंटरनेट हवंच, अशी त्याची रचना होती. पहिल्याच दिवसांत खेळाडूंना जोडून देणारी यंत्रणा कोलमडली आणि हजारो लोक विकत घेतलेल्या खेळाच्या दारात ताटकळत उभे राहिले. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. समीक्षकांचे गुण दुसऱ्या भागाच्या खाली राहिले, आणि काही आठवड्यांतच स्टीमवर दहा वर्षं जुना भाग नव्यापेक्षा जास्त लोक खेळत होते.

यावरून समीक्षकांना निकालात काढणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. पहिल्या दिवसाचा गुण गोठवण्यामागे कारण आहे. तो नंतर बदलता आला, तर अर्धवट माल विकायचा, पैसे घ्यायचे आणि सवडीने दुरुस्त करून गुण वाढवून घ्यायचे, ही सवय कंपन्यांना लागेल. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी साक्ष द्यायला हवी. उलट, गिऱ्हाइकांच्या रागालाही स्वतःची घाई असते. तीन दिवसांच्या संतापात दहा वर्षांचं काम दिसत नाही.

म्हणून मला दोन्ही आकडे हवेत, फक्त प्रत्येकावर तारीख हवी. ‘पे-डे २’चं मूल्यमापन २०१३ चं एक, २०१५ चं दुसरं, २०१७ चं तिसरं. यांतलं एकही खोटं नाही, आणि एकटं कोणतंही पुरेसं नाही. कोणत्या दिवशीच्या मालाबद्दल बोलतो आहोत, हे समीक्षकाने पहिल्या ओळीत सांगावं, आणि माल बदलला की पुन्हा लिहावं. हुपरीत जुन्या टंचाची चिठ्ठी दाखवून आटवलेली चांदी कुणी विकायला गेला, तर समोरचा वाद घालत नाही. तो फक्त नवा तुकडा काढतो.