शरणपूर ते बागामोयो

सातपूरहून नाशिक शहराकडे येऊ लागले की शरणपूर लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वस्ती वसविली. ती प्रॉटेस्टंट बंधूंची, म्हणून आम्ही कॅथोलिक तिच्या इतिहासाकडे सहसा वळत नाही. गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. त्यांपैकी कित्येकांना रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या छत्राखाली येथे आश्रय व शिक्षण मिळाले. मलेरिया अर्थात हिवताप, त्यावरील लसीची हकीकत आम्हांस येथूनच सुरू करावीशी वाटते.

१८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन अखेरच्या आफ्रिका प्रवासास निघाले तेव्हा नाशिकची नऊ मुले त्यांच्या सोबत होती. चार वर्षांपूर्वीच त्यांची पत्नी मेरी झांबेझीच्या तीरी हिवतापाने निवर्तली होती. क्विनीनचे मोल त्यांना कोणी सांगावयास नको होते. क्विनीन सिंकोना वृक्षाच्या सालीत असते. सतराव्या शतकात ती साल पेरूहून रोमला आणण्यात जेझुइटांचा आणि ती गोरगरिबांना वाटण्यात कार्डिनल हुआन दे लुगो यांचा मोठा वाटा. म्हणून तिला ‘जेझुइटांची साल’ हेच नाव पडले. १८६७ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन यांची औषधांची पेटी चोरीस गेली. पुढे प्रकृती ढासळत गेली आणि १ मे १८७३ रोजी चितांबो येथे हिवताप व आमांश यांनी त्यांचा अंत झाला.

सेवकांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. १८७२ मध्ये येऊन मिळालेल्या जेकब वेनराइट या नाशिकच्या तरुणाने प्रार्थना वाचली. मग मीठ लावून उन्हात वाळविलेला देह खांद्यावर घेऊन ही माणसे सुमारे हजार मैल चालली. १८७४ च्या फेब्रुवारीत ती बागामोयोस पोहोचली आणि तो देह तेथील आमच्या कॅथोलिक मिशनच्या चर्चमध्ये ठेवण्यात आला. पवित्र आत्मा संघाच्या धर्मगुरूंचे हे मिशनही गुलामगिरीतून सोडविलेल्या मुलांना आसरा देत असे. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील शिळेवर, विश्वासू हातांनी हा देह आणला, असा उल्लेख आहे. त्या हातांपैकी एकाचेही नाव नाही. हे आम्हांस खटकते.

हिवताप कशाने होतो हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. लाव्हरां यांना रक्तातील परजीवी १८८० मध्ये दिसला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस तो डासात पाहिला. लसीला मात्र त्यानंतर शतकाहून अधिक काळ लागला, कारण हा परजीवी शरीरात शिरल्यावर रूपे पालटतो. डास चावल्यानंतर तो तासाभरातच यकृतात दडतो. तेवढ्या अवधीत त्याला गाठावयाचे, तर त्याच्या आवरणावरील प्रथिनाची ओळख शरीराला आधीच हवी. हे तत्त्व वापरून आरटीएस-एस ही लस १९८७ मध्ये सिद्ध झाली, पण जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तिला २०२१ मध्ये मिळाली. दुसरी लस आर-२१ ऑक्सफर्ड विद्यापीठाची. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिची परिणामकारकता वाढविणारे द्रव्य चिलीमधील क्विलाया वृक्षाच्या सालीपासून काढतात. दक्षिण अमेरिकेची साल पुन्हा एकदा हिवतापाच्या कामी आली!

आर-२१ ची अंतिम चाचणी चार देशांतील सुमारे ४,८०० बालकांवर झाली. चाचणीच्या पाच ठिकाणांपैकी एक बागामोयो. दुसरे केनियातील किलिफी. ज्या मोंबासाजवळ प्राइस यांनी १८७४-७५ मध्ये नाशिकच्या आफ्रिकी कुटुंबांना नेऊन फ्रेरटाउन वसविले, त्याच्याच उत्तरेस. हा निव्वळ योगायोग असेल. आम्हांस मात्र तो मोलाचा वाटतो. वर्षभर हिवताप असणाऱ्या अशा ठिकाणी पहिल्या वर्षात सुमारे ६८ टक्के, तर तो मोसमी असेल तेथे सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी या लसीची शिफारस झाली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टपासून तिचे नियमित लसीकरण सुरू झाले.

लस फाल्सिपेरम जातीच्या परजीवीवरच चालते. आपल्याकडील व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही. २०२३ या एका वर्षात हिवतापाने सुमारे ५,९७,००० माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य पाच वर्षांखालील आफ्रिकी बालके. पहिले तीन डोस महिन्या-महिन्याच्या अंतराने द्यावयाचे; पण संरक्षण ओसरत जाते, म्हणून वर्षाने चौथा हवाच. तोपर्यंत बाळ चालू लागलेले असते, शेतीची कामे अंगावर आलेली असतात, आणि दूरच्या दवाखान्याची वाट आईला त्याला कडेवर घेऊन पुन्हा एकदा तुडवावी लागते.