कर्करोगावरील नॅनोकण-चिकित्सा : एका आश्वासनाचा इतिहास

कर्करोगाच्या औषधोपचाराचा इतिहास पाहू गेल्यास एक अडचण आरंभापासून कायम असलेली दिसते. जे द्रव्य रोगट पेशींना मारते ते निरोगी पेशींनाही इजा करते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 'जादूच्या गोळी'ची कल्पना मांडली. बंदुकीच्या गोळीप्रमाणे नेमके लक्ष्यावर जावे व इतरत्र अपाय करू नये, असे औषध त्यास अभिप्रेत होते. नॅनोकण-चिकित्सा हे या कल्पनेचे अलीकडील रूप होय. मीटरचा एक अब्जांश म्हणजे एक नॅनोमीटर. साधारणतः शंभर नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांत औषध भरून ते गाठीपर्यंत पोहोचवावयाचे, असा या चिकित्सेचा हेतू. या आश्वासनापैकी किती भाग प्रत्यक्षात उतरला आणि धोक्याचे काय झाले, याचा विचार 'डॉक्सिल' या औषधाच्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तत्पूर्वी एका जुन्या प्रकरणाचे स्मरण अगत्याचे आहे. १९३० नंतरच्या दोन दशकांत क्ष-किरण चित्रे स्पष्ट यावीत म्हणून 'थोरोट्रास्ट' नावाचे द्रव्य रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत टोचले जात असे. त्यात थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असत. चित्रे उत्तम येत व तात्काळ त्रास फारसा होत नसे. परंतु हे किरणोत्सर्गी कण शरीराबाहेर जवळजवळ पडतच नसत. यकृत व प्लीहा यांत ते कायमचे साचून राहत. कित्येक वर्षांनंतर अशा रुग्णांत यकृताचे कर्करोग आढळून आले. नॅनो हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीची ही गोष्ट. तथापि तिने दोन प्रश्न कायमचे पुढे ठेवले. कण शरीरात कोठे जातो, आणि तेथे तो किती काळ राहतो?

डॉक्सिलच्या कथेचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजजवळील बाब्रहॅम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात असे दाखविले की, काही स्निग्ध द्रव्ये पाण्यात मिसळली असता त्यांच्या पटलांच्या पोकळ पिशव्या आपोआप बनतात. यांनाच पुढे लिपोसोम हे नाव मिळाले. पिशवीत औषध भरता येईल हा विचार लवकरच पुढे आला. डॉक्सोरुबिसिन हे त्यासाठी योग्य द्रव्य होते. अनेक कर्करोगांवर ते गुणकारी होते, पण एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचे स्नायू दुर्बल करीत असे. त्यामुळे औषध लागू पडत असतानाही ते थांबवावे लागे.

जेरुसलेम येथे बारेनहोल्त्स व गॅबिझॉन यांनी केलेला पहिला प्रयत्न अयशस्वी ठरला. औषध रक्तातच पिशव्यांतून गळून जाई, आणि पिशव्यांना यकृतातील भक्षक पेशी टिपून घेत. थोरोट्रास्टने दाखविलेली वाट हीच होती. पुढे दोन सुधारणा झाल्या. अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने औषध पिशवीत घट्ट कोंडता आले, आणि बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण दिल्याने भक्षक पेशींना ते लवकर ओळखता येईना. औषध दोन दिवसांहून अधिक काळ रक्तात टिकू लागले. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एड्सच्या रुग्णांत उद्भवणाऱ्या कापोसी सार्कोमावर, व १९९९ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगावर, त्यास मान्यता दिली.

यामागील अपेक्षेला एक सैद्धांतिक आधारही होता. १९८६ मध्ये मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, गाठीतील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात व तेथील निचरा अपुरा असतो. म्हणून मोठे रेणू तेथे शिरून साचतात. यावरून नॅनोकण गाठीचा नाश अधिक चांगला करतील, असे अनुमान निघाले.

हे अनुमान कसोटीस कसे उतरले? प्रसार पावलेल्या स्तनांच्या कर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साधे डॉक्सोरुबिसिन घेणाऱ्या स्त्रिया सरासरी २२ महिने जगल्या, तर डॉक्सिल घेणाऱ्या २१ महिने. म्हणजे आयुष्यात फरक पडला नाही. हृदयाला इजा होण्याचा संभव मात्र साध्या औषधाने तिपटीहून अधिक होता. उलट तळहात व तळपाय यांची त्वचा लाल होऊन सोलली जाण्याचा त्रास डॉक्सिलने शेकडा ४८ स्त्रियांना झाला. साध्या औषधाने तो शेकडा २ जणींनाच झाला. आवरण असलेला कण दीर्घकाळ फिरत राहिल्याने त्वचेत पोहोचला. धोका नष्ट न होता त्याने जागा बदलली, असेच म्हणावे लागेल. ही अदलाबदल लहान नव्हे, कारण त्वचा बरी होते आणि दुर्बळ झालेले हृदय पुष्कळदा पूर्ववत होत नाही. पण ती मूळ आश्वासनाहून निराळी आहे.

२०१६ मध्ये टोरांटो येथील संशोधकांनी मागील दशकातील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यमान शेकडा ०.७ एवढेच निघाले. उंदरात जलद वाढविलेली गाठ आणि माणसात अनेक वर्षे वाढलेली गाठ यांत बरेच अंतर असल्याने माणसाविषयीचे अनुमान तर अधिकच जपून करावयास हवे.

धोक्याचे आणखी एक अंग निर्मितीचे आहे. अशा औषधाचा गुण रेणूइतकाच कणाच्या घडणीवर अवलंबून असल्यामुळे ते बनविणे कठीण असते. २०११ मध्ये अमेरिकेतील एका कारखान्याचे उत्पादन थांबताच डॉक्सिलचा तुटवडा पडला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तेथील प्रशासनाने मुंबईच्या सन फार्मा या कंपनीचे 'लिपोडॉक्स' आयात करण्यास तात्पुरती मुभा दिली, आणि २०१३ मध्ये तिच्या औषधास रीतसर मान्यता दिली.

या इतिहासावरून अभ्यासकाने तीन प्रश्न वेगवेगळे ठेवण्यास शिकले पाहिजे. गाठ लहान झाली काय? आयुष्य वाढले काय? आणि अपाय कमी झाला की दुसरीकडे गेला? प्रयोगशाळेतील यशाची वार्ता देताना ही तीन उत्तरे एकात मिसळली जातात. प्रायोगिक उपचारास संमती देणाऱ्या रुग्णाला मात्र ती स्वतंत्रपणे मिळणे हा त्याचा हक्क आहे; कारण हृदय वाचणार असेल तर तळव्यांची आग सोसावी की नाही, याचा निर्णय अखेर त्यालाच करावयाचा असतो.