सेंट जॉर्जची फळी : प्रोव्हन गेल्यानंतर

१९६३ साली सिडनी क्रिकेट ग्राउंडवर टिपलेले एक छायाचित्र ऑस्ट्रेलियात बहुतेकांच्या ओळखीचे आहे. रग्बी लीगचा अंतिम सामना नुकताच संपला आहे, पावसाने मैदानाचा चिखल झाला आहे आणि दोन्ही संघांचे कर्णधार एकमेकांना धरून उभे आहेत. एक ताडमाड उंच, दुसरा जेमतेम त्याच्या छातीपर्यंत पोचणारा. दोघेही चिखलाने इतके माखलेले की कोण कोणत्या संघाचा हे कपड्यांवरून ओळखता येऊ नये. जॉन ओग्रेडी या वृत्तपत्र-छायाचित्रकाराच्या या चित्रावरून १९८२मध्ये विजेत्या संघासाठी कांस्य करंडक घडवण्यात आला आणि २०१३पासून त्या करंडकाला या दोघांचेच नाव आहे. उंच तो सेंट जॉर्जचा नॉर्म प्रोव्हन, बुटका तो वेस्टर्न सबर्ब्जचा आर्थर समन्स. समन्सचे निधन २०२०मध्ये झाले, प्रोव्हनचे २०२१मध्ये.

शिल्पात माणूस एकटा किंवा फार तर दुकटा उभा करता येतो. सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ अशी सलग अकरा वर्षे सिडनीचे अजिंक्यपद मिळवले ते मात्र एका माणसाच्या बळावर नव्हे, एका फळीच्या बळावर. प्रोव्हन त्या फळीतला सर्वांत मोठा माणूस होता यात शंका नाही. दहा अंतिम सामने तो खेळला आणि दहाही जिंकला. परंतु अकरावे अजिंक्यपद तो निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी मिळाले आणि मालिका तुटली ती त्याच्याही पुढच्या वर्षी, १९६७मध्ये. म्हणजे ज्याच्या जाण्याने फळी कोसळायला हवी होती त्याच्या जाण्याने ती कोसळली नाही. मग ती कशाने कोसळली? वाङ्मयेतिहास शिकवताना आपण लेखकांच्या जन्ममृत्यूंवर कालखंडांच्या रेघा ओढतो, म्हणून या प्रश्नाचा मोह मला आवरला नाही.

आधी थोडे खेळाविषयी. रग्बी लीगमध्ये संघ तेरा जणांचा. त्यांतले सात जण मागे पसरलेले, पळणारे; उरलेले सहा म्हणजे आघाडीची फळी, ज्याला तिकडे ‘पॅक’ म्हणतात. दोन प्रॉप, त्यांच्या मधोमध हुकर, मागे सेकंड-रोचे दोघे आणि शेवटी लॉक. स्क्रममध्ये हे सहा जण एकमेकांत गुंतून प्रतिपक्षाच्या सहांशी भिडतात आणि हुकर पायाने चेंडू ओढतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडले की त्याने उठून चेंडू जमिनीवर ठेवायचा, टाचेने मागे द्यायचा आणि खेळ पुढे चालू. कबड्डी पाहिलेल्या वाचकाला इथली पकड समजायला अडचण येऊ नये. अनुभवी कोपरारक्षक गेला म्हणजे साखळी कशी क्षणभर उशिरा आवळली जाते, हेही त्याने पाहिलेले असेल.

१९६६पर्यंत सिडनीच्या रग्बी लीगमध्ये पकडींना मर्यादा नव्हती. ही एक गोष्ट लक्षात आल्याशिवाय सेंट जॉर्जचा इतिहास कळत नाही. चेंडू हातून निसटत नाही, तोवर तो आपलाच. पकडले जा, उठा, मागे द्या, पुन्हा धडका द्या. दहा वेळा, वीस वेळा. समोरच्या संघाच्या छातीत दम उरेपर्यंत हे चालायचे. अशा खेळात स्क्रममधून चेंडू मिळवणारा हुकर आणि तो न गमावणारी फळी यांना सोन्याचे मोल. मागचे सात जण कितीही चपळ असले तरी चेंडूच मिळाला नाही तर ते काय करणार? सेंट जॉर्जकडे रेग गॅस्नियर आणि ग्रॅम लँगलँड्स यांच्यासारखे असामान्य धावपटू होते, हे खरे. पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवण्याआधी प्रतिपक्ष दमवून ठेवण्याचे काम फळी करीत असे.

ही फळी घडवली केन कार्नीने. कार्नी मूळचा रग्बी युनियनचा खेळाडू. १९४८मध्ये तो इंग्लंडमधल्या लीड्स संघात गेला आणि १९५२मध्ये परत येऊन सेंट जॉर्जमध्ये दाखल झाला. इंग्रजी संघांची शिस्त, अंगमेहनत आणि बचावाचा कसून केलेला विचार त्याने सोबत आणला. तो हुकर होता, पुढे कर्णधार-प्रशिक्षक झाला. त्याच्या जोडीला क्लबचा सचिव फ्रँक फेसर; चांगला खेळाडू हेरून आणण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. पैसाही होता. न्यू साऊथ वेल्समध्ये क्लबांना पोकर यंत्रे ठेवायला कायद्याने परवानगी मिळाली ती १९५६मध्ये, म्हणजे नेमकी पहिल्या अजिंक्यपदाच्या वर्षी. १९६३मध्ये कोगरा येथे क्लबची जी टोलेजंग वास्तू उभी राहिली तिला सिडनीकर ‘ताजमहाल’ म्हणत! आपल्याकडची एक प्रेमकथा जुगाराच्या यंत्रांच्या पैशावर अशी परदेशी गेली.

आता फळीतली माणसे पाहू. १९५७ ते १९५९ हॅरी बाथ हा प्रॉप होता, इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनकडून बरीच वर्षे खेळून आलेला. १९५९च्या हंगामात सेंट जॉर्ज एकही सामना हरला नाही. बाथ त्या अंतिम सामन्यात मारामारीपायी मैदानाबाहेर काढला गेला आणि त्यानंतर निवृत्त झाला. १९६०मध्ये त्याच्या जागी क्वीन्सलँडचा केव्हिन रायन आला. हाही पूर्वाश्रमीचा युनियनवाला, मुष्टियुद्धाची पार्श्वभूमी असलेला, आणि पुढे वकील झालेला. १९६१नंतर खुद्द कार्नी गेला, तोही पॅरामॅटा या प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक होऊन. त्याच्या जागी हुकर म्हणून इयन वॉल्श आला आणि नेतृत्व प्रोव्हनकडे गेले. मग बिली विल्सन हा जुना, दणकट प्रॉप नॉर्थ सिडनीकडे गेला. प्रत्येक वेळी वाटावे की आता भिंतीला तडा जाणार. आणि प्रत्येक वेळी सप्टेंबर आला की करंडक कोगरालाच.

याचे कारण मला एका साध्या हिशेबात दिसते. एका वेळी एकच माणूस जात होता. १९६०मध्ये रायन आला तेव्हा त्याच्या अवतीभवती कार्नी, प्रोव्हन, विल्सन आणि वर्षभरापूर्वीच आलेला लॉक जॉनी रेपर होता. १९६२मध्ये वॉल्श आला तेव्हा प्रोव्हन, विल्सन, रायन, रेपर होते. नवा माणूस जुन्यांच्या मधोमध उभा राहायचा. स्क्रममध्ये खांदा कुठे टेकवायचा, दमलेल्या साथीदाराची जागा कधी घ्यायची, या गोष्टी फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत; शेजारच्याच्या अंगाच्या हालचालीवरून त्या शिकाव्या लागतात. गायकीच्या घराण्यात गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणारा शिष्य जसे शिकतो, त्यातलाच हा प्रकार. व्यक्ती बदलत होत्या, पण एका वेळी पाचांना तरी खेळ पाठ असे.

प्रोव्हन गेला तो १८ सप्टेंबर १९६५ रोजी. प्रतिपक्ष साऊथ सिडनी, प्रेक्षक ७८,०५६. हा आकडा १९९९पर्यंत कोणाला मोडता आला नाही. गर्दी इतकी की लोक कुंपणाच्या आत मैदानाच्या कडेला आणि छपरांवरही बसले होते. सेंट जॉर्जने सामना १२-८ असा जिंकला. चार गुणांचा फरक. हरलेल्या साऊथ सिडनीच्या फळीत जॉन सॅटलर, रॉन कूट, बॉब मॅकार्थी अशी तरुण पोरे होती, हे त्या दिवशीच्या जयघोषात फारसे कोणाच्या मनात आले नसावे.

१९६६मध्ये वॉल्श कर्णधार-प्रशिक्षक झाला. सेकंड-रोमध्ये डिक हडर्ट हा इंग्रज होता. १९६२मध्ये ऑस्ट्रेलियात येऊन मालिका जिंकणाऱ्या ब्रिटिश संघातला, सेंट हेलेन्सकडून सेंट जॉर्जमध्ये आलेला. अंतिम सामन्यात त्याने ट्रायही केला. बॉल्मेनचा २३-४ असा फडशा पडला. प्रोव्हनच्या निरोपाच्या सामन्यात चार गुणांनी जिंकलेला संघ त्याच्याविना एकोणीस गुणांनी जिंकला. वडीलधाऱ्याच्या जाण्यानंतरचे पहिले वर्ष बहुधा असेच असते. सवय पुरून उरते, आणि आपले सारे ठीक चालले आहे असे घराला वाटते.

याच वर्षाच्या अखेरीस रायन गेला. कँटरबरी-बँक्सटाउनने त्याला कर्णधार-प्रशिक्षक म्हणून घेतले. सलग सात अजिंक्यपदे जिंकलेला प्रॉप, प्रोव्हननंतर फळीतले सर्वांत जड माप. आणि १९६७पासूनच नियम बदलला : एका संघाला चारच पकडी. चौथ्या पकडीनंतर स्क्रम.

नियमाबाबत एक लोकप्रिय समज आहे की तो सेंट जॉर्जला रोखण्यासाठीच आणला. हा समज मला पटत नाही. चार पकडींचा प्रयोग प्रथम झाला तो इंग्लंडमध्ये, १९६६च्या ऑक्टोबरमध्ये, बीबीसी दोनच्या प्रकाशझोतातील स्पर्धेत. दूरचित्रवाणीवर एकच संघ चेंडू घेऊन तासभर धडका देताना पाहण्यात कोणाला रस असणार, ही चिंता सिडनीतल्या एका क्लबपुरती नव्हती. पराभूताला कारस्थान दिसणे स्वाभाविक आहे आणि चाहत्यांना तर ते फारच सोयीचे असते. पण परिणाम पाहिला तर समजामागची भावना खोटी म्हणता येत नाही. अकरा वर्षे जी विद्या शरीरात मुरवली होती, म्हणजे चेंडू न सोडण्याची, समोरच्याला हळूहळू संपवण्याची, तिच्यासाठी आता वेळच उरला नाही. चार धडकांत कोणी दमत नाही.

म्हणून बहुतेक कथनकार १९६७च्या पराभवाचे श्रेय नियमाला देऊन मोकळे होतात. इथे मला थांबावेसे वाटते. नियमानेच सारे केले असते तर सेंट जॉर्ज त्या वर्षी खालच्या रांगेत दिसायला हवा होता. तो अखेरच्या चौघांत होता. बाहेर पडला तो अंतिम सामन्याच्या आधीच्या लढतीत, १२-११ असा. एका गुणाने! आणि तो गुण ज्या संघाने काढला त्याचा कर्णधार, त्याचा प्रशिक्षक, त्याचा प्रॉप होता केव्हिन रायन. नियम सर्वांसाठी बदलला होता. सेंट जॉर्जची फळी आतून ओळखणारा हा माणूस कँटरबरीकडे होता. वॉल्श चेंडूवर कधी झेपावतो, रेपर कुठून येतो, हे अनेक वर्षे त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्याने अनुभवले होते. कार्नी १९६२मध्ये पॅरामॅटाला गेला तेव्हाही ही विद्या बाहेर गेलीच होती. परंतु तो मैदानाबाहेरून शिकवत होता, आणि मागे राहिलेल्यांत प्रोव्हन होता. रायन गेला तेव्हा विद्या बाहेर गेली, तीच फळीत उभी राहून समोरून आली, आणि इकडे आधीच्या वर्षीची पोकळी सवयीने झाकलेली होती. प्रोव्हनच्या जाण्याची किंमत सेंट जॉर्जने १९६६मध्ये मोजली नाही. ती १९६७मध्ये, रायनच्या हिशेबात मिसळून मोजली. नियमाने फक्त उधारी बंद केली.

अर्थात एका गुणावर एवढी इमारत उभारू नये, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. तो सामना सेंट जॉर्जने जिंकला असता तरी पुढे साऊथ सिडनीची ती तरुण पोरे वाट पाहत होती. १९६७चा अंतिम सामना त्यांनी कँटरबरीकडून १२-१० असा जिंकला. मग १९६८, १९७० आणि १९७१. पण अंत जवळ आला होता असे म्हणणे वेगळे आणि तो कोणाच्या हातून आला हे सांगणे वेगळे. इतिहासाला दोन्ही सांगावे लागते.

१९६८मध्ये प्रोव्हन प्रशिक्षक म्हणून परतला, मैदानात न उतरता. करंडक आला नाही. त्याचा धाकटा भाऊ पीटर, जो एके काळी सेंट जॉर्जमध्येच खेळत होता, १९६९मध्ये बॉल्मेनचा कर्णधार म्हणून अजिंक्यपद घेऊन गेला. रायन पुढे वकिलीत आणि राजकारणात शिरला आणि हर्स्टव्हिलमधून प्रांतिक विधानसभेवर निवडून आला. सेंट जॉर्ज नावाचा स्वतंत्र संघ १९९८पर्यंत टिकला, मग इलावाराशी एकत्र आला.

त्याआधी १९७७मध्ये मात्र करंडक पुन्हा कोगराला आला. पॅरामॅटाशी ९-९ अशी बरोबरी झाली, आठवड्याने सामना पुन्हा खेळवला गेला आणि सेंट जॉर्जने तो २२-० असा जिंकला. फळीत विशी-बाविशीची मुले होती. त्यांना शिकवणारा प्रशिक्षक होता हॅरी बाथ, १९५९च्या अंतिम सामन्यातून मारामारीपायी बाहेर काढला गेलेला तोच प्रॉप.