ठाण्याचा काझी आणि श्रद्धेची बाजू

 ठाण्यात १३२१ साली असा एक वाद झडला, ज्यावर मध्ययुगाबद्दलची आपली एक लाडकी समजूत तपासून घेता येते. त्या काळच्या ख्रिस्ती विचारवंतांनी बुद्धीला श्रद्धेच्या दावणीला बांधले, ही ती समजूत. व्याख्यानांतून ती इतक्यांदा ऐकवली जाते की पुरावा मागणेच उद्धटपणाचे वाटावे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १२७७ मध्ये पॅरिसचा बिशप तांपिए याने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. हे दडपण होते, सारवासारव नको. पण दडपायलाही आधी काही जोरात चाललेले असावे लागते. पॅरिसच्याच विद्यापीठात शिकवून गेलेला थॉमस अक्वायनस कोणत्याही प्रश्नावर विरोधकाच्या हरकती आधी मांडी, उत्तर नंतर देई. नैयायिकांच्या वारसदारांना ही रीत परकी वाटू नये. जगाला आरंभ आहे, हे तो मानत असे. पण ते तर्काने सिद्ध होत नाही आणि कच्चे पुरावे दिले तर अश्रद्ध हसतील, असेही त्याने लिहिले. स्वपक्षाचा पुरावा टाकून देणारा हा माणूस बुद्धीचा शत्रू कसा?

आता ठाणे. तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन साधू सोबत्यांसह काझीपुढे उभा राहिला. थोड्याच काळाने इथे आलेल्या ओदोरिक या साधूच्या वृत्तांतानुसार, ख्रिस्त केवळ माणूस होता, हे काझीचे म्हणणे थॉमसने युक्तिवाद व दाखले देऊन खोडले. मग पैगंबरांविषयी विचारणा झाली, उत्तर झोंबले, आणि साधू मारले गेले. वृत्तांत एकतर्फी आहे. आगीतून सुखरूप बाहेर येण्याचा चमत्कारही त्यात आहेच. पण भाविकाने लिहिलेल्या हुतात्मकथेलासुद्धा नायकाने आधी तर्कात बाजी मारलेली दाखवावीशी वाटली, हे मला चमत्काराहून बोलके वाटते.

गंमत अशी की हा विजय अक्वायनसला पटला नसता. अँटिओकच्या एका धर्माधिकाऱ्याला १२६० च्या दशकात त्याने कळवले होते की मुसलमानांशी बोलताना श्रद्धेची रहस्ये सिद्ध करायला जाऊ नये, फक्त आक्षेप परतवावेत. उलट रामोन लल या ख्रिस्ती विचारवंताला त्रैक्यसुद्धा तर्काने सिद्ध करता येईल असे वाटे, तर ठाण्याच्या घटनेच्याच सुमारास इंग्लंडात शिकवणाऱ्या ऑकमला देवाचे एकत्वही निर्विवाद सिद्ध होण्याजोगे वाटत नव्हते. म्हणजे तर्क वापरावा की नाही हा वाद नव्हता. तो कुठवर पोचतो, यावर घमासान होते. त्या युगाला दोष द्यायचाच तर तर्कावरच्या अतिविश्वासाचा द्यावा लागेल.

ज्यांना हे मान्य नाही त्यांनी अक्वायनसच्या 'सुम्मा थिओलॉजिए'च्या पहिल्या भागातला ४६वा प्रश्न वाचावा आणि मग माझे खंडन जरूर करावे.