धुक्यातील अवतरण आणि संकेताची शुद्धता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

दाट धुक्यात विमान उतरविणे हा सर्वसाधारणपणे वैमानिकाच्या कौशल्याचा प्रश्न मानला जातो. विमानवाहतुकीच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिल्यास मात्र असे आढळते की, हा प्रश्न क्रमाक्रमाने विमानाच्या कक्षातून विमानतळाच्या जमिनीवर उतरला. वैमानिकाला किती दिसते याइतकेच, त्याच्या यंत्रापर्यंत पोहोचणारा रेडिओ संकेत वाटेत बिघडत नाही ना, याला महत्त्व आले. अल्प दृश्यमानतेच्या नियमांचा बराच मोठा भाग अँटेनाभोवतीची जमीन मोकळी ठेवण्यासाठी आहे. हे नियम लागू करण्याचा क्षण मात्र हवामानावरून ठरविला जातो, आणि संकेतातील व्यत्यय हवामान पाहून येत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा मागोवा घेतला आहे.

संकेताचा जन्म आणि त्याचा वाकडेपणा

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ यंत्रांच्या आधारे उड्डाण करून विमान पुन्हा उतरविले. सुरक्षेसाठी पुढील आसनावर बेंजामिन केल्सी हे दुसरे वैमानिक होते. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून निघालेले बोइंग २४७ जातीचे प्रवासी विमान हिमवादळात पिट्सबर्ग येथे उतरले. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, म्हणजे आयएलएस, या यंत्रणेच्या साह्याने उतरलेले अमेरिकेतील ते पहिले नियमित प्रवासी विमान समजले जाते.

या यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे लोकलायझर नावाची अँटेना असते. ती १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात संकेत पाठविते. येणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूस ९० हर्ट्झचा स्वर प्रबळ असतो, उजव्या बाजूस १५० हर्ट्झचा. दोन्ही समान मिळाले की विमान मध्यरेषेवर आहे, असे यंत्र मानते. ग्लाइड पाथ नावाची दुसरी अँटेना याच रीतीने साधारण ३ अंशांची उतरती वाट दाखविते. यंत्र फक्त तुलना करते. संकेत थेट अँटेनेकडून आला की एखाद्या धातूच्या मोठ्या पृष्ठभागावर आपटून आला, हे त्याला कळत नाही. जवळ उभ्या असलेल्या मोठ्या विमानाच्या शेपटीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीत मिसळली की हवेतील सरळ वाट वाकते आणि आज्ञाधारक स्वयंचालक त्या वाकड्या वाटेने जातो.

ब्रिटिश संशोधकांना या दोषाची जाणीव लवकर झाली होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ब्लाइंड लँडिंग एक्स्पेरिमेंटल युनिट या पथकाने तत्कालीन लोकलायझरवर अखेरच्या टप्प्यात भरवसा ठेवला नाही. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी विद्युतवाहक तारा टाकून त्यांच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा घेण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. पुढे अँटेना सुधारल्या आणि तारांची गरज उरली नाही. १० जून १९६५ रोजी हीथ्रो विमानतळावर प्रवाशांसह आलेल्या ट्रायडंट विमानाने स्वयंचलित अवतरण साधले. तारा गेल्या तरी त्यांच्यामागील शंका गैरवाजवी नव्हती.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नियमांत अवतरणाच्या श्रेणी ठरविण्यात आल्या. श्रेणी एकमध्ये २०० फूट उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले पाहिजेत व धावपट्टीवरील दृश्यता ५५० मीटर असली पाहिजे. श्रेणी दोनमध्ये या मर्यादा १०० फूट व ३०० मीटर इतक्या खाली येतात. श्रेणी तीन त्याहून खाली जाते व तेथे अवतरण स्वयंचालकाकडेच सोपविले जाते. यासाठी विमान, धावपट्टी आणि वैमानिक हे तिन्ही पात्र असावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीतील धुक्यात अनेक विमाने अन्यत्र वळवावी लागली, तेव्हा दोन विमान कंपन्यांनी श्रेणी तीनचे प्रशिक्षण नसलेल्या वैमानिकांना त्या उड्डाणांवर नेमल्याचे आढळले. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोघींना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड केला.

वैमानिकाच्या पात्रतेची अशी चर्चा वृत्तपत्रांतून होते, जमिनीच्या पात्रतेची क्वचितच होते. अँटेनाभोवती एक निकटचे क्षेत्र असते. आयएलएस वापरात असताना तेथे वाहन वा विमान येऊ द्यायचे नसते. त्याबाहेर एक विस्तृत संवेदनशील क्षेत्र असते. अल्प दृश्यमानतेची कार्यपद्धती जाहीर झाली की तेही मोकळे ठेवावे लागते. उड्डाणासाठी थांबलेली विमाने धावपट्टीपासून अधिक दूर रोखली जातात आणि उतरणाऱ्या दोन विमानांतील अंतर वाढविले जाते. परिणामी ताशी उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. धुक्याच्या दिवशी प्रवाशाला जो विलंब सोसावा लागतो, त्यातील काही भाग या मोकळ्या जागेची किंमत असतो. हीथ्रोवर २००९ मध्ये मायक्रोवेव्ह अवतरण यंत्रणा आणण्यामागे हीच किंमत कमी करण्याचा हेतू होता, कारण त्या यंत्रणेला इतके मोठे संरक्षित क्षेत्र लागत नाही.

व्यत्यय विमानतळाबाहेरूनही येतो. एफएम नभोवाणीचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि लोकलायझरचा तेथेच सुरू होतो. हा शेजार इतका त्रासदायक ठरला की, १ जानेवारी १९९८ पासून विमानांतील ग्राहकयंत्रे एफएम व्यत्ययाला दाद न देणारी असावीत, असा आंतरराष्ट्रीय दंडक लागू झाला.

म्युनिक, २०११

३ नोव्हेंबर २०११ रोजी मँचेस्टरहून आलेले सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान म्युनिक येथे उतरत होते. हवामान श्रेणी एकच्या मर्यादेत होते; म्हणून अल्प दृश्यमानतेची कार्यपद्धती लागू नव्हती आणि संवेदनशील क्षेत्राचे संरक्षणही नव्हते. वैमानिकांनी मात्र स्वयंचलित अवतरण निवडले होते व मनोऱ्याला ते कळविलेले नव्हते. त्याच धावपट्टीवरून त्यांच्या पुढे एक लहान जेट विमान उडाले व लोकलायझरच्या अँटेनावरून गेले. नेमके तेव्हाच बोइंग जमिनीलगत होते. संकेत ढळला आणि स्वयंचालकाने विमान डावीकडे नेले. वैमानिकांनी पुन्हा वर जाण्याची कळ दाबली, पण चाके टेकल्यावर ती कळ काम करीत नाही. विमान धावपट्टीच्या डाव्या कडेबाहेर गवतात गेले, तेथून वळून धावपट्टी ओलांडून उजवीकडील गवतात थांबले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही.

येथे नियमांचा सरळ भंग शोधू गेल्यास फारसा हाती लागत नाही. चांगल्या हवामानात स्वयंचलित अवतरणाचा सराव करणे मान्य आहे, किंबहुना आवश्यकही आहे. मनोऱ्याने त्या हवामानाला साजेसे कमी अंतर ठेवून वाहतूक चालविली, तेही रीतसर. संकेतावर पूर्ण विसंबण्याचा निर्णय विमानात झाला आणि संकेताचे रक्षण न करण्याचा निर्णय आकाशाकडे पाहून जमिनीवर झाला. दाट धुके असते तर हे विमान बहुधा सुरक्षितपणे उतरले असते.

उपग्रहांचा पर्याय

उपग्रहाधारित मार्गदर्शनाने धावपट्टीजवळील अँटेनांची ही अडचण टळते. भारताच्या गगन प्रणालीच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे एटीआर-७२ विमान उतरविण्यात आले. मात्र उपग्रहाचा संकेत फार क्षीण असतो व जमिनीवरून त्याची नक्कल करता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणाऱ्या काही विमानांना अशा बनावट संकेतांचा अनुभव आला. त्या धावपट्टीच्या आयएलएसचे श्रेणीसुधारणेचे काम तेव्हा चालू होते, त्यामुळे तेथे उपग्रहावर भिस्त होती. जमिनीवरील पारंपरिक साधने चालू असलेल्या अन्य धावपट्ट्यांवरील वाहतुकीवर परिणाम झाला नाही, असे केंद्र सरकारने १ डिसेंबर २०२५ रोजी संसदेत सांगितले.