काठीने मोजलेला आजार

पोंभुर्ण्याकडे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळीचं बी फेकतात. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही; जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर पीक उभं राहतं. आमच्या घरी तिचं वरण नेहमीचंच. पुण्यातल्या ऑफिसात मात्र सांगितलं की विचारतात, "ती बंदीवाली डाळ?"

बंदी १९६१ची. कारण लॅथिरिझम: पाय ताठरतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी या बियांतलं विष वेगळं काढलं. त्याला ओडॅप म्हणतात. ते ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहकाची नक्कल करतं. पेशीला 'चालू'चा सिग्नल मिळतच राहतो, आणि त्या अतिउत्तेजनेनेच ती मरते.

अशी इजा झालेला उंदीर किती सावरला, हे प्रयोगशाळेत रोटारॉडवर मोजतात. १९५७ मध्ये डनहॅम आणि मिया यांनी सुचवलेला हा फिरता दांडा. उंदीर त्यावर किती सेकंद टिकतो ते बघायचं. पण खरी मेख आधीच्या नोंदीत आहे. इजेपूर्वीचे सेकंद आणि इजा न झालेल्या उंदरांचे सेकंद हाताशी नसतील, तर उंदीर बरा झाला की नुसता सरावला, हे कळत नाही.

माणसांसाठी मोजपट्टी होती काठीची. बिनकाठीचा, एक काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा. उंदराचा आलेख वर चढू शकतो. ही पट्टी खालीच उतरते. लाखोळी थांबवली तर आजार सहसा पुढे सरकत नाही, पण गेलेली चाल बहुधा परत येत नाही. शिवाय मोजणी सुरू व्हायची तीच पाय बिघडल्यावर. आधीची नोंद कुणाकडेच नाही.

ती नोंद ताटात होती. १८३०च्या सुमारास सागर भागात गहू गेला, तेव्हा हेच पीक तगलं. लोक तेवढंच खात राहिले आणि कमरेखाली लुळे झाले, असं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलंय. रीवाकडे वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्काच्या छळछावणीत ज्यू कैद्यांना हेच खायला घातलं; कैद्यांतल्याच डॉक्टर आर्थर केसलर यांनी आजार ओळखला. तिन्हीकडे दुसरं काही खायची सोय नव्हती. साधारणपणे आहाराचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोळी असेल आणि ते काही महिने चाललं, तर धोका वाढतो.

बंदी विक्रीवर आली, पेरणी चालूच राहिली. नागपूरचे शांतीलाल कोठारी वर्षानुवर्षं तिच्याविरुद्ध लढले. २००८ मध्ये महाराष्ट्राने ती उठवली. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी ओडॅपची वाणंही आली.

वाण सुधारलं हे चांगलंच. पण बियाणं तपासून फक्त विष किती ते कळतं. पांगळं कोण होणार, हे ताटात लाखोळीशिवाय काय आहे यावर ठरतं, आणि ते हातात काठी येण्याआधी बघावं लागतं.